काफ स्टार्टरची गोणी घ्यावी का? कालवड वेल्यानंतर लिहिलेला अभिप्राय

वासरांच्या खुराकाबद्दल जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुतेक गोणी फोडल्यावर आठ-पंधरा दिवसांत लिहिलेले असतात. वासरू आवडीने खातंय, अंगावर तुकतुकी आली, पाच तारे. मला ते पटत नाही. काफ स्टार्टरवर, म्हणजे लहान वासरांच्या तयार कांडी खुराकावर, पैसे जातात वासराच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, आणि ते वसूल झाले की नाही हे कळतं कालवड वेल्यावर, म्हणजे व्याल्यावर. मधे दोन वर्षांच्या वर काळ जातो. म्हणून आमची चांदणी वेईपर्यंत मी काही लिहिलं नाही. ती डिसेंबर २०२५ मध्ये वेली, २६ महिन्यांची असताना. आता लिहिते.

आम्ही संगमनेर तालुक्यातले. गोठ्यात सात दुभत्या गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, आणि त्यांच्या मागे कालवडी. धारा यजमान आणि दीर काढतात. वासरं पहिल्यापासून माझ्याकडे आणि आत्यांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे.

कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. स्टार्टर दूध संघांचा मिळतो, खासगी कंपन्यांचा मिळतो, आणि एका तालुक्यात मिळणारी गोणी शेजारच्या तालुक्यात मिळेलच असं नाही. मी वापरली ती आमच्या दूध संकलन केंद्रावर येणारी, २५ किलोची, तेव्हा ९७५ रुपयांना. म्हणजे किलोला ३९ रुपये. दुभत्या गाईंची गोळी पेंड आम्हाला त्या वेळी ३१ रुपये किलो पडत होती. वासराचा खुराक गाईच्या खुराकापेक्षा महाग, इथेच बरेच जण मागे फिरतात. "वासराला काय एवढं, गाईच्या पेंडीतलीच मूठभर टाकायची," हे मी कितीतरी घरांत ऐकलंय.

ते का चालत नाही, हे गोणीच्या शिवणीत अडकवलेली चिठ्ठी वाचली की कळतं. माझ्या गोणीवर कच्ची प्रथिनं किमान २३ टक्के, स्निग्ध पदार्थ किमान ४, तंतू जास्तीत जास्त ७ आणि खाली स्पष्ट अक्षरांत "युरियामुक्त". मोठ्या जनावरांच्या पेंडीत तंतू जास्त असतो, आणि काही पेंडींत युरियाही असतो. मोठ्या गाईच्या पोटातले जिवाणू त्या युरियाचं प्रथिन करून घेतात. महिन्याच्या वासराच्या पोटात ते जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात, त्यामुळे युरिया त्याला कामाचा तर नाहीच, उलट घातक. म्हणून चिठ्ठी नसलेली, सुटी मोजून दिलेली किंवा वरून "काफ" असा नुसता शिक्का मारलेली गोणी घेऊ नका. तारीखही बघा. ती का बघायची ते पुढे सांगते.

आता माल कसा आहे. कांडी बारीक, तीन मिलिमीटरच्या आसपास. चवळीच्या दाण्याहून लहान. गोणी उघडली की मळीचा गोडसर वास येतो, पण नाकाला झोंबत नाही. मुठीत घेऊन जोरात दाबली तर कांडी मोडते, पीठ होत नाही. हे मी दर गोणीला करून बघते, कारण भुकटी झालेला खुराक वासराच्या ओल्या नाकपुडीला चिकटतो, ते फुरफुरतं आणि दुसऱ्या दिवशी भांड्याकडे बघत नाही. या गोणीत तळाशी भुकटी निघायची ती ओंजळभर. ती मी गाईंच्या गव्हाणीत टाकायचे.

चांदणी ऑक्टोबर २०२३ मध्ये जन्मली, ३१ किलोची. पहिला आठवडा तिला फक्त चीक आणि दूध. आठव्या दिवसापासून स्टार्टर सुरू केला, आणि सुरू केला म्हणजे काय ते नीट सांगते, कारण दुकानदार फक्त "भांड्यात ठेवा, आपोआप खाईल" एवढंच सांगतात. वासरू आपोआप खात नाही. त्याला खाणं ही गोष्टच माहीत नसते, चोखणं माहीत असतं. दूध पाजून झालं की त्याची चोखायची ओढ संपलेली नसते, दोर चोखेल, दुसऱ्या वासराचा कान चोखेल, आपला पदर चोखेल. नेमक्या त्या वेळी दोन बोटं दुधाने ओली करायची, त्यांना पाच-सात कांड्या चिकटवायच्या आणि बोटं तोंडात द्यायची. चांदणीने पहिल्यांदा जिभेने सगळ्या बाहेर ढकलल्या. दुसऱ्या वेळी दोन राहिल्या. मग ती थांबली, खालचा जबडा एकदा आडवा फिरवला आणि माझ्या बोटांकडे परत आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती दूध संपवून स्वतःच पसरट घमेल्यात नाक घालायला लागली. भांडं पसरट हवं, बादली नको. बादलीत डोकं घालायला वासरू बिचकतं.

आणि भांड्यात ठेवायचा तो मूठभरच. संध्याकाळी उरलेला काढून गाईंना टाकायचा, सकाळी ताजा ठेवायचा. लाळेने ओला झालेला खुराक आंबतो आणि वासराला तो वास चालत नाही. "आमचं वासरू स्टार्टर खात नाही" अशी तक्रार जिथे जिथे ऐकली, तिथे भांड्यात कालचा नाहीतर परवाचा खुराक होता.

दुसरी तक्रार असते की खातं पण वाढत नाही. त्याचं उत्तर शंभरात नव्वद वेळा पाण्यात आहे. दूध पाजतोय तर पाणी कशाला, असं आमच्याकडेही सगळे म्हणायचे. आत्यांचंही तेच मत होतं. मी कृषी विज्ञान केंद्राच्या एका प्रशिक्षणात याचं कारण ऐकलं आणि तेव्हापासून वासराजवळ पाण्याची छोटी बादली हलत नाही. वासरू दूध पितं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाला एक पन्हळ तयार होते आणि दूध पहिल्या मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या, खऱ्या पोटात जातं. पाणी मात्र पहिल्या पोटात उतरतं. स्टार्टरही तिथेच पडतो. तिथे त्याला ओल मिळाली तर तो आंबतो, त्यातून आम्लं तयार होतात, आणि त्या आम्लांनी पोटाच्या आतल्या भिंतीवर बारीक बारीक बोटांसारखे अंकुर फुटतात. पुढे आयुष्यभर चाऱ्यातलं बळ शोषून घ्यायचं काम हे अंकुर करतात. नुसत्या दुधावर ते फुटत नाहीत. नुसत्या चाऱ्यावर पोट आकाराने मोठं होतं, पण भिंत गुळगुळीत राहते. गावात दिसणारं पोटाळं, मागून हाडं निघालेलं वासरू ते हेच. लोक म्हणतात खाऊन खाऊन पोट सुटलंय. खरं तर त्याला खाल्लेलं लागत नसतं.

म्हणजे स्टार्टर विकत घेताना आपण किलोभर प्रथिनं विकत घेत नाही, वासराचं पोट घडवायचं साधन विकत घेतो. हे एकदा डोक्यात बसलं की ३९ रुपये महाग वाटत नाहीत. चांदणी तिसऱ्या आठवड्यात पाचटावर बसून रवंथ करताना दिसली. आत्या मला बोलवायला घरात आल्या, "तुझं वासरू चघळतंय बघ" म्हणून. त्या दिवसापासून पाण्याची बादली त्याच भरायला लागल्या.

वजनाबद्दल सांगते, कारण अंदाजपंचे "चांगलं वाढलं" म्हणण्यात अर्थ नाही. गोठ्यात काटा कुणाकडे असतो? शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचात घ्यायचा. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या माकडहाडापर्यंतची लांबी इंचात घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत. दोन महिन्यांची असताना चांदणीचा घेर ३६ इंच आणि लांबी ३३ इंच भरली, म्हणजे जवळपास ६५ किलो. जन्माच्या वजनाची दुप्पट दोन महिन्यांत व्हावी असं पशुवैद्यक सांगतात, ती झाली होती. वासरू सरळ उभं असताना मोजा, मान खाली घातली की घेर बदलतो. दोन माणसं लागतात.

दूध कधी तोडायचं याला मी वय धरत नाही, खुराक धरते. सलग तीन दिवस वासरू रोज एक किलो स्टार्टर खायला लागलं की दूध हळूहळू कमी करून बंद. चांदणीचं अडीच महिन्यांत बंद झालं. तोडल्यावर दोन दिवस हंबरली, पण वजन घसरलं नाही, आणि मला वाटतं या मालाची पहिली खरी परीक्षा हीच. दूध तोडल्यावर वासरू खंगलं तर एक तर स्टार्टर कमी पोटात गेलाय किंवा तो नावापुरता स्टार्टर आहे.

तुलनेला आमची मैना आहे. ती चांदणीच्या आधीची. तेव्हा आमच्याकडे स्टार्टर येत नव्हता. तिला चार महिने दूध आणि वरून गाईंचीच पेंड व हिरवा चारा अशी सगळ्यांकडे असते तशी रीत होती. ती ३४ महिन्यांची होऊन वेली. अर्थात दोघींच्या आया वेगळ्या, एका जोडीवरून छातीठोक सांगणं बरोबर नाही. पण चांदणीच्या मागच्या दोन कालवडीही स्टार्टरवर वाढल्यात आणि त्याच वयाला त्यांची टेप चांदणीच्या जवळपासच भरली. त्यामुळे मी माझ्या गोठ्यापुरतं तरी खात्रीने बोलते.

घरी बनवलेला भरडा हाही पर्याय आहे आणि तो मी एका वासराला देऊन पाहिलाय. मक्याचा भरडा निम्मा, सोयाबीन पेंड ३० टक्के, गव्हाचा भुसा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १. प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास बसतात. स्वस्त पडतो, वासरू खातं. अडचण अशी की मका बारीक दळला की पीठ होतं आणि जाड ठेवला की वासरू पेंड वेचून खातं, मका मागे ठेवतं. शिवाय मका किंवा शेंगपेंड बुरशीची निघाली तर त्याचा सगळ्यात पहिला फटका लहान वासराच्या काळजाला, म्हणजे यकृताला, बसतो. ज्यांची चार-पाच वासरं एका वेळी असतात आणि ज्यांच्याकडे घरचा कोरडा, निवडलेला मका आहे, त्यांनी भरडा जरूर करावा. एक-दोन वासरांसाठी मला गोणी बरी वाटली.

बुरशीवरून त्या तारखेच्या मुद्द्याकडे येते. एका पावसाळ्यात केंद्रावर माल नव्हता म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून गोणी आणली. वरून चांगली होती. आत हात घातला तर मधला भाग कोमट आणि गोळे झालेले, वास मळीचा नाही, ओल्या भिंतीचा. चिठ्ठीवरची तारीख चार महिन्यांपूर्वीची. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता, "गाईंना टाका" म्हणाला. आम्ही ती उकिरड्यात ओतली. बुरशीचा खुराक गाईंनाही घालायचा नसतो, ते विष दुधात उतरतं. तेव्हापासून गोणी घ्यायच्या आधी मी तिच्या पोटात हात दाबून बघते. कुठे कडक गोळा लागला किंवा गरम लागली तर तिथेच सोडते. घरी आणल्यावर फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. आणि उघडलेली गोणी पावसाळ्यात महिन्याच्या आत संपली पाहिजे.

काही गोष्टी हा माल करत नाही, आणि विक्रीवाले त्या करतो म्हणून सांगतात. "रोगप्रतिकारशक्ती वाढवतो" हे त्यातलं पहिलं. गाईच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातून रोगाशी लढायची शक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. जन्मल्यावर तास-दोन तासांत पहिला चीक पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर. चोवीस तासांनंतर वासराच्या आतड्याची ती शक्ती शोषून घ्यायची दारं बंद होतात. जार (वार) पडेपर्यंत चीक काढू नये म्हणून थांबणारी घरं आमच्याकडे अजून आहेत. त्या थांबण्यात वासराचं जे जातं ते कुठल्याही गोणीने परत येत नाही. नाळेला टिंचर आयोडीन, अंगाखाली कोरडं पाचट, थंडीत वारा अडवायला गोणपाटाचा पडदा, पंधरा दिवसांच्या आसपास जंताचं पहिलं औषध आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, हे सगळं आधी. मग गोणी.

हगवण लागली की स्टार्टर बंद करायचा का, असं मला एकीने विचारलं होतं. आम्ही दूध थोडं कमी केलं, मीठ-साखरेचं पाणी वाढवलं, डॉक्टरांना बोलावलं आणि स्टार्टर समोर ठेवला, जबरदस्ती केली नाही. चांदणीने दोन दिवस तोंड लावलं नाही, मग स्वतःच खाल्ला. उलट एखादं वासरू भांडं फोडून अधाशासारखं खाणारं असतं, त्याला मात्र मापून द्या. एकदम दीड-दोन किलो गेला तर पोट फुगतं.

चौथ्या महिन्यात आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करून आम्ही स्टार्टर बंद केला आणि वाढीच्या कालवडींचा खुराक रोज दीड किलो, सोबत मक्याची कुट्टी, लसूणघास, थोडा कडबा आणि ३० ग्रॅम खनिज मिश्रण यावर तिला आणलं. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. स्टार्टर इतका लागू पडला म्हणून तो सहा-आठ महिने चालू ठेवणारे लोक आहेत. तसं करू नका. तीन ते नऊ महिन्यांच्या काळात कालवडीची कास आतून घडत असते. त्या काळात ती फार लठ्ठ झाली तर दुधाच्या गाठींच्या जागी चरबी बसते. कास भरलेली दिसते, सड छान दिसतात, आणि वेल्यावर दूध मात्र कमीच येतं. कालवड वाढली पाहिजे उंचीला आणि लांबीला, रोज चारशे-पाचशे ग्रॅमने. पाठीवर खड्डा पडेल एवढी चरबी नको.

मधल्या काळातल्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगते. शिंगांची कोंभं तीन आठवड्यांच्या आत डॉक्टरांकडून भूल देऊन जाळून घेतली. चौथ्या महिन्यात लाळ्या-खुरकूतची लस, आणि चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची. ही ब्रुसेलाची लस फक्त कालवडींना, जन्मात एकदाच द्यायची असते. ती चुकवू नका. त्या रोगाने गाई गाभाडतात, म्हणजे गर्भ पडतो, आणि तो माणसालाही होतो. सरकारी दवाखान्यातून ती मोफत मिळते. कानात बारा आकडी बिल्ला तेव्हाच मारून घेतला. २०२४ मध्ये दुधाचे दर पडले आणि सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा ज्यांच्या जनावरांच्या कानात बिल्ले नव्हते आणि नोंद नव्हती त्यांची किती धावपळ झाली ते आमच्या केंद्रावर सगळ्यांनी पाहिलं. गोचिडांची काळजी वेगळी घ्या. संकरित कालवडीला गोचीड ताप लागला तर चांगला वाढलेला जीव चार दिवसांत जमिनीला टेकतो. गोठ्याच्या भिंतीच्या फटीत गोचीड अंडी घालतात, नुसत्या अंगावर औषध फवारून भागत नाही. फटी सिमेंटने बुजवल्यावरच आमच्याकडे फरक पडला.

आता भरवण्याचं, म्हणजे कालवड गाभण करण्याचं. इथे स्टार्टरचा हिशेब पहिल्यांदा ठळक दिसला. कालवड वयाने नाही, वजनाने भरवायची असते. एचएफ संकरितला अडीचशे किलोच्या वर. चांदणी १६ महिन्यांची असताना घेर ६० इंच, लांबी ४८ इंच, म्हणजे २६० किलोच्या पुढे. मैना त्या वयात माजावरही आली नव्हती. चांदणी त्याच्या आधीपासून दर २१ दिवसांनी नियमित माज दाखवत होती, आणि वजन भरेपर्यंत आम्ही तिला रिकामी ठेवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सकाळी काचेसारखा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसला, संध्याकाळी डॉक्टरांकडून वीर्याची कांडी भरून घेतली. लिंगवर्गीकृत वीर्य वापरलं, ज्यात कालवड होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. हे वीर्य कालवडींमध्ये जास्त चांगलं ठरतं, आणि मादी वासरू आकाराने थोडं लहान असल्याने पहिल्या वेताला अडण्याची भीतीही कमी. दोन महिन्यांनंतर तपासणीत गाभण लागली.

शेवटचे दोन महिने वरून दीड-दोन किलो खुराक. दुभत्या गाईंच्या रांगेत आणून बांधली, कासेला रोज हात लावायची सवय केली. वेली ती पहाटे, सगळं आपलं आपण करून. खाली कालवडच झाली. मैनाच्या वेळी डॉक्टर बोलावून ओढून काढावं लागलं होतं, कारण वय झालेलं असूनही ओटीपोटाची हाडं अरुंद राहिली होती. पहिल्या तीन महिन्यांत जी हाडाची वाढ चुकते ती पुढे वयाने भरून येत नाही, असं मला तेव्हा पशुवैद्यकांनी सांगितलं होतं. चांदणी तिसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळचं मिळून १४ लिटरवर आली आहे. मैना पहिल्या वेताला १० च्या वर गेली नाही.

पैशाचा हिशेब असा. चांदणीने एकूण साधारण ७० किलो स्टार्टर खाल्ला, २,७३० रुपये. दूध दीड महिना आधी तुटलं. रोजचे तीन लिटर धरले तर १३५ लिटर दूध डेअरीला गेलं. त्या वेळच्या पडेल २७ रुपये दरानेही साडेतीन हजारांच्या वर. म्हणजे गोणीचे पैसे अडीच-चार महिन्यांच्या काळातच फिटले. खरा फायदा पुढचा. मैनापेक्षा आठ महिने आधी वेली. गाभण नसलेल्या कालवडीला आमच्याकडे चारा, खुराक, औषधं मिळून रोज ११० रुपये पडतात, घरची मेहनत न धरता. आठ महिन्यांचे २६ हजार होतात. ज्यांना हा हिशेब पटत नाही त्यांनी एकदा लोणीच्या किंवा काष्टीच्या बाजारात जाऊन गाभण पहिलारू कालवडीची किंमत विचारावी, आणि तिला लहानपणी काय खायला घातलं होतं, चीक किती मिळाला होता, लस कुठली झाली होती, हेही विचारून बघावं. किंमत सांगणारे खूप भेटतील. बाकीचं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. म्हणून आम्ही बाजारातून गाय आणणं बंद केलं आहे.

मग गोणी घ्यावी का? ज्यांच्याकडे चीक वेळेवर पाजला जातो, वासरापुढे स्वच्छ पाणी असतं आणि घरात कुणीतरी एक माणूस रोज वासराकडे दोन वेळा बघणारं आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावी. यातलं काही नसेल तर आधी ते करावं, ३९ रुपये किलोचा माल तिथे वाया जाईल. माझ्याकडून पाचपैकी चार.

एक गुण कापला तो गोणीच्या मापासाठी. २५ किलोच्या खाली माल मिळत नाही. माझ्याकडे दोन-तीन वासरं असतात म्हणून गोणी वेळेत संपते. आमच्या वाडीत एक गाय आणि एक वासरू असलेल्या बायका खूप आहेत. त्यांचं वासरू पहिल्या महिन्यात तीन-चार किलोच्या वर खात नाही, तोवर पावसाळ्यात उरलेली गोणी ओल धरते, आणि मग त्या गाईच्या पेंडीवर परत जातात. त्यांच्यासाठी पाच आणि दहा किलोची पिशवी निघाली पाहिजे, चिठ्ठी आणि तारखेसकट. आमच्या केंद्राच्या सचिवांना मी लेखी दिलंय. तुमच्या डेअरीतही वार्षिक सभेत हा विषय मांडा. तोपर्यंत दोन-तीन घरांनी मिळून एक गोणी घ्या, घेतल्या दिवशीच वाटून कोरड्या, झाकणाच्या डब्यांत भरा, आणि चिठ्ठीचा फोटो प्रत्येकीने मोबाइलमध्ये काढून ठेवा.